मसुद्यापासून मंजुरीपर्यंत: नव्या अभ्यासक्रमाचा प्रस्ताव कसा सिद्ध करावा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधी एक विस्तृत टिपण लिहिले. वरवर पाहता तो ग्रंथसंपदेचा आढावा होता. परंतु मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजूला सारल्या गेलेल्या देशी भाषांना तेथे पुन्हा स्थान मिळावे, आणि या भाषांत उच्च अध्ययनास पुरेसे साहित्यच नाही या आक्षेपास ग्रंथांची मोजदाद करून उत्तर द्यावे, हा त्यामागील हेतू होता. १९०१ साली एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश मान्य झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत रानडे निवर्तले. विषयाविषयी अपार जिव्हाळा असूनही त्यांनी सभेपुढे जाताना पुरावा गोळा केला, आक्षेप कोणत्या दिशेने येणार हे आधी ओळखले आणि त्याचे उत्तर लिहून ठेवले. नवा अभ्यासक्रम मंजूर करून घेऊ इच्छिणाऱ्या आजच्या प्राध्यापकास यापेक्षा चांगला वस्तुपाठ मिळणे कठीण आहे.

विद्यापीठाच्या ज्या मंडळांपुढे असा प्रस्ताव जातो, त्यांच्या बैठकीत, ज्याच्या आयुष्यावर त्या निर्णयाचा सर्वाधिक परिणाम व्हावयाचा तो विद्यार्थी उपस्थित नसतो. बहुधा तो अद्याप बारावीच्या वर्गात बसलेला असतो. त्याच्या बाजूने बोलणारा कागद म्हणजे आपला मसुदा. काय शिकविले जाईल, किती तास शिकविले जाईल, त्याची परीक्षा कशी होईल आणि त्या शिक्षणाचा त्याला पुढे काय उपयोग होईल, यांविषयी विद्यापीठ त्याला जे आश्वासन देते ते या कागदातून देते. म्हणून मंजुरीची प्रत्येक पायरी ही त्या आश्वासनाची एकेका बाजूने घेतलेली कसोटी आहे, असे मानून कामास लागावे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार ज्या कायद्याने चालतो, त्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ची चौकट समोर ठेवून पुढील विवेचन केले आहे.

मार्ग कोणता, हे आधी ठरवावे

‘आम्हांस नवा अभ्यासक्रम सुरू करावयाचा आहे’ या एकाच वाक्यात चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात, आणि त्या प्रत्येकीचा मार्ग वेगळा आहे. पहिली गोष्ट, चालू पदवीच्या अभ्यासक्रमात एखाद्या नव्या अभ्यासपत्रिकेची भर घालणे अथवा जुनी बदलणे. हे काम संबंधित विषयाचे अभ्यासमंडळ, मग विद्याशाखा आणि शेवटी विद्यापरिषद अशा क्रमाने होते. दुसरी, विद्यापीठात आजवर नसलेली संपूर्ण पदवी वा पदविका निर्माण करणे. येथे वरील तीन पायऱ्यांखेरीज प्रवेशपात्रता, परीक्षेचे नियम, शुल्क, अध्यापकांची पदे आणि खर्च यांचा विचार येतो, म्हणून प्रकरण व्यवस्थापन परिषदेपर्यंत जाते. तिसरी, विद्यापीठात आधीच मंजूर असलेला अभ्यासक्रम आपल्या संलग्न महाविद्यालयात सुरू करणे. यात अभ्यासक्रमाच्या आशयाचा प्रश्नच नसतो, तर त्या ठिकाणी त्याची गरज आणि महाविद्यालयाची ऐपत यांचा असतो, आणि त्यासाठी विद्यापीठाचा पंचवार्षिक बृहत् आराखडा, अधिनियमाच्या कलम १०९ खालील अर्ज, तपासणी व राज्य शासनाची परवानगी असा स्वतंत्र रस्ता आहे. चौथी, स्वायत्त महाविद्यालयाने आपला अभ्यासक्रम स्वतः घडविणे. अशा महाविद्यालयास स्वतःचे अभ्यासमंडळ व विद्यापरिषद असते, मात्र पदवी विद्यापीठाचीच दिली जाते आणि अभ्यासमंडळावर कुलगुरूंनी नियुक्त केलेला तज्ज्ञ, महाविद्यालयाबाहेरील विषयतज्ज्ञ, उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी व गुणवंत माजी विद्यार्थी असावे लागतात.

या चारांपैकी आपले प्रकरण कोणत्या सदरात मोडते याचा निर्णय प्राचार्य अथवा विभागप्रमुख यांनी विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागाशी बोलून प्रारंभीच करून घ्यावा. अभ्यासमंडळाकडे पाठवावयाचा कागद संलग्नीकरणाच्या कक्षात आणि संलग्नीकरणाचा अर्ज अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांकडे जाऊन पडल्यामुळे वर्ष फुकट गेले, असे प्रसंग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

नवी पदवी निर्माण करावयाची असल्यास आणखी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पदवीचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५६ च्या आपल्या कायद्यातील कलम २२ अन्वये अधिसूचित केलेल्या नावांपैकीच असावे लागते. आकर्षक परंतु यादीबाहेरचे नाव दिल्यास पुढे नोकरीच्या वा उच्च शिक्षणाच्या अर्जाच्या वेळी विद्यार्थ्यालाच त्याची किंमत मोजावी लागते. त्याचप्रमाणे विधी, औषधनिर्माण, अध्यापक शिक्षण, वास्तुशास्त्र अशा क्षेत्रांत त्या त्या केंद्रीय परिषदेची मान्यता स्वतंत्रपणे घ्यावी लागते. विद्यापीठाची मंजुरी तिची जागा घेऊ शकत नाही.

मसुद्याची बांधणी

सर्वाधिक वेळ व विचार ज्याला द्यावा ते काम मसुद्याचे. उदाहरणार्थ असे समजू की, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागास पदवीच्या तिसऱ्या वर्षाकरिता ‘मोडी लिपी व दप्तरवाचन’ अशी चार श्रेयांकांची अभ्यासपत्रिका सुचवावयाची आहे.

आरंभ गरजेपासून करावा. ‘मोडी हा आपला वारसा आहे’ हे विधान खरे असले तरी अभ्यासमंडळाला त्यातून निर्णय घेता येत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत व खाजगी घराण्यांत मोडी कागदांचे संग्रह आहेत, जमिनींच्या जुन्या दस्तऐवजांचे वाचन करून देणाऱ्या जाणकारांची आजही गरज पडते, आणि इतिहासाचा पदवीधर मात्र मूळ कागद हाती आल्यास तो वाचू शकत नाही, हे चार वाक्यांत मांडले की गरज सिद्ध होते. त्यास जोडून आपल्या परिसरात कोणती संस्था विद्यार्थ्यांना कागद पाहू देण्यास तयार आहे तिचे संमतिपत्र, आणि माजी विद्यार्थी व चालू विद्यार्थी यांचे लेखी अभिप्राय जोडावेत. हे अभिप्राय पुढे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या पाहणीच्या वेळीही उपयोगी पडतात, कारण अभ्यासक्रमविषयक निकषात अशा अभिप्रायांची विचारणा होते.

त्यानंतर अध्ययनफलिते लिहावीत. ‘विद्यार्थ्यास मोडी लिपीची ओळख होईल’ असे लिहिल्यास त्याची परीक्षा घेता येत नाही. कारण ओळख झाली की नाही हे मोजावयाचे कसे, असा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी ‘विद्यार्थी अठराव्या शतकातील एक पानाचे मोडी पत्र वाचून त्याचे बाळबोध लिपीत लिप्यंतर करील’, ‘पत्रातील शुहूर सन व शके यांचे इसवी सनात रूपांतर करील’, ‘मायना, आशय व शेवट यांवरून पत्राचा प्रकार ओळखील’ अशी क्रियावाचक विधाने करावीत. चार ते सहा फलिते पुरेशी होतात. प्रत्येक फलितासमोर ते अभ्यासक्रमाच्या कोणत्या घटकात शिकविले जाईल व कोणत्या परीक्षेत तपासले जाईल, हे दोन रकान्यांत लिहून पाहावे. एखादा रकाना रिकामा राहिला, तर ते फलित तरी काढून टाकावे किंवा घटक तरी वाढवावा. हा साधा तक्ता करून पाहणाऱ्याच्या मसुद्यातील निम्मे दोष सभेपूर्वीच नाहीसे होतात.

मग तासांचा हिशेब. प्रचलित पद्धतीनुसार व्याख्यानाच्या एका श्रेयांकास सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास धरले जातात. मोडीचे वाचन केवळ व्याख्यानाने येत नसल्याने चारांपैकी दोन श्रेयांक व्याख्यानाचे व दोन प्रात्यक्षिकाचे ठेवले, तर ३० अधिक ६० मिळून ९० तास होतात. हे ९० तास १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला सहा या प्रमाणात वेळापत्रकात बसतात काय, आणि तेवढा कार्यभार घेणारा अध्यापक विभागात आहे काय, याचे उत्तर मसुद्यातच असावे. घटक पाडतानाही तास नमूद करावेत: अक्षरवळण व जोडाक्षरे, संक्षेप व शब्दतोड, कालगणना, पत्रांचे प्रकार, महसुली कागद, प्रत्यक्ष दप्तरभेट. ज्या घटकाला दहा तास लागतात त्यासमोर पाच लिहिल्याने अभ्यासक्रम भारदस्त दिसेल, परंतु शेवटचा घटक दर वर्षी शिकविल्यावाचून राहील.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयातील चौकटीप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या सन्मान पदवीस १६० ते १७६ श्रेयांक आहेत, व ते मुख्य विषय, गौण विषय, मुक्त निवड, कौशल्य, भाषा व मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रकार्य व कार्यप्रशिक्षण अशा गटांत वाटलेले आहेत. एकूण संख्या बांधलेली असल्याने नवी अभ्यासपत्रिका आली की कोणती तरी जुनी जावी लागते, किंवा तिच्या शेजारी पर्याय म्हणून उभी राहावी लागते. आपली अभ्यासपत्रिका कोणत्या गटात बसते, आणि तिच्यासाठी काय वगळावयाचे वा कशास पर्याय द्यावयाचा, हे प्रस्तावकाने स्वतः सुचवावे. ते मंडळावर सोडल्यास चर्चा आपल्या विषयावरून सुटून दुसऱ्याच्या विषयावर जाते आणि प्रस्ताव तहकूब होतो.

मूल्यमापन हा भाग पुष्कळदा मसुद्याच्या शेवटी घाईने लिहिला जातो. अंतर्गत मूल्यमापन व सत्रांत परीक्षा यांचे गुणांचे प्रमाण आपल्या विद्यापीठाच्या नियमांतून घ्यावे. परंतु त्या गुणांत काय तपासावयाचे ते विषयाने ठरवावे. मोडीच्या परीक्षेत ‘मोडी लिपीचा इतिहास सांगा’ या एकाच तऱ्हेचे प्रश्न आले, तर एक अक्षरही न वाचणारा विद्यार्थी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊ शकेल. म्हणून सत्रांत परीक्षेत अपरिचित पत्राच्या लिप्यंतरास निश्चित गुण ठेवणे, प्रात्यक्षिकाची वही मागविणे आणि नमुना प्रश्नपत्रिका मसुद्यास जोडणे अगत्याचे आहे. ही नमुना प्रश्नपत्रिका उद्याच्या परीक्षकासाठी असते. तो कदाचित दुसऱ्या जिल्ह्यातला असेल आणि आपल्या मनातील हेतू त्याला कागदावरूनच कळावयाचा असतो.

ग्रंथसूची ही विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हाती येईल अशीच असावी. मोडीच्या बाबतीत रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघालेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या ४५ खंडांचा उपयोग करून, विद्यार्थ्याला आधी त्या काळची पत्रभाषा छापील बाळबोध लिपीत वाचावयास लावावी आणि मग मूळ मोडीकडे न्यावे, अशी योजना सुचविता येईल. अनिवार्य वाचन आणि संदर्भ वाचन वेगळे दाखवावे; अनिवार्य सदरातील ग्रंथ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत अथवा मागविले आहेत, असा ग्रंथपालांचा शेरा सोबत असावा; आणि माध्यम मराठी असेल तर प्रत्येक घटकास मराठीतील निदान एक तरी विश्वसनीय आधार दाखवावा. ज्या विषयाचे वाचन विद्यार्थ्याच्या भाषेत उपलब्ध नाही, त्याचे मराठी माध्यम हे नाममात्र उरते.

मंडळांपुढे

मसुदा सिद्ध झाला की त्याच्यासोबत एका पानाची टिपणी लिहावी: काय सुचविले आहे, का, कोणत्या वर्षापासून लागू करावयाचे, कशाच्या जागी, आणि खर्च किती. सदस्यांपुढे कार्यसूचीवर पुष्कळ विषय असतात. ज्याची टिपणी स्पष्ट असते त्याच्या मसुद्याकडे लक्ष जाते.

अभ्यासमंडळ हे विषयतज्ज्ञांचे मंडळ. आशय अद्ययावत आहे काय, पातळी त्या वर्षास साजेशी आहे काय, आधीच्या अभ्यासपत्रिकांशी पुनरुक्ती होते काय, हे त्याचे प्रश्न. सभेपूर्वी मंडळाच्या निदान दोन सदस्यांना आणि विद्यापीठाबाहेरील एखाद्या जाणकाराला मसुदा वाचावयास देऊन त्यांचे लेखी मत घ्यावे. सभेत सुचलेल्या दुरुस्त्या त्याच वेळी लिहून घेऊन, ठरावाच्या शब्दांत त्या नेमक्या आल्या आहेत याची इतिवृत्त कायम होण्यापूर्वी खात्री करावी; कारण पुढच्या प्रत्येक मंडळापुढे आपले भाषण जात नाही, ठराव जातो.

विद्याशाखा, म्हणजे अधिष्ठात्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळ, हे शेजारच्या विषयांच्या दृष्टीने पाहते. मोडीची अभ्यासपत्रिका मराठी विभागाच्या विद्यार्थ्यासही घेता येईल काय, दोन विभाग एकच गोष्ट निरनिराळ्या नावांनी शिकवीत नाहीत ना, हे तेथे विचारले जाते. म्हणून संबंधित विभागाशी आधीच बोलून त्याची संमती जोडणे हा सौजन्याचाही भाग आहे आणि शहाणपणाचाही.

विद्यापरिषद ही शैक्षणिक बाबतीतील मुख्य अधिकारिणी. अध्यापन, अध्ययन व परीक्षा यांचा दर्जा राखण्याची जबाबदारी कायद्याने तिच्यावर टाकली आहे. श्रेयांक चौकटीत बसतात काय, प्रवेशपात्रता न्याय्य आहे काय, लहान गावातील महाविद्यालयासही हे शिकविणे शक्य आहे काय, असे प्रश्न तेथे येतात. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठात एक अभ्यासपत्रिका मंजूर होते तेव्हा ती पुण्याच्या पुराभिलेखागारापासून शंभर कोस दूर असलेल्या विद्यार्थ्यासाठीही मंजूर होत असते, आणि त्याच्या हाती मूळ कागदांच्या छायाप्रती कशा पोचतील याची तजवीज प्रस्तावातच दिसली पाहिजे.

या साऱ्यास वेळ लागतो. मंडळांच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात आणि एका मंडळाचे इतिवृत्त दुसऱ्याकडे जाण्यास काही आठवडे जातात. पुढल्या जूनमध्ये वर्ग सुरू करावयाचे असतील तर मसुदा या वर्षीच्या पावसाळ्यातच तयार असावा. तातडीच्या प्रसंगी मंडळाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने कुलगुरूंना दिला आहे. पण तो आणीबाणीसाठी आहे, आपल्या दिरंगाईवरचा उतारा म्हणून त्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

जुन्या अभ्यासक्रमाची सुधारणा

नव्यापेक्षा सुधारणेचे काम अधिक नाजूक, कारण तेथे विद्यार्थी आधीच वाटेवर असतात. सुधारित अभ्यासक्रम पहिल्या वर्षापासून आरंभून वर्षागणिक वर सरकवावा, म्हणजे एका पद्धतीने प्रवेश घेतलेल्यास मध्येच दुसरीत ढकलले जात नाही. जे जुन्या पद्धतीने अनुत्तीर्ण झाले त्यांना त्या अभ्यासक्रमाच्या किती परीक्षा मिळतील, आणि त्यानंतर नव्यातील कोणती अभ्यासपत्रिका जुन्या कोणत्या अभ्यासपत्रिकेस समकक्ष धरली जाईल, याचा तक्ता ठरावासोबतच मंजूर करून घ्यावा. हा तक्ता राहून गेला म्हणजे दोन वर्षांनी एखादा विद्यार्थी परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे उभा राहतो आणि त्याला उत्तर देण्याजोगे एकही कलम कोणाजवळ नसते.

बदलाचे कारणही प्रत्येक ठिकाणी लिहावे. जुन्या मसुद्यातील मजकूर एका रकान्यात, नवा दुसऱ्यात आणि कारण तिसऱ्यात, असा तुलनात्मक तक्ता असला की चर्चा मुद्द्यावर राहते. केवळ घटकांचा क्रम बदलून वा ग्रंथसूचीत चार नावे घालून सुधारणा झाली असे म्हणू नये. गेल्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निकाल व अध्यापकांचे अनुभव पाहून विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो ते शोधावे आणि तेथे दुरुस्ती करावी.

मंजुरीनंतर

विद्यापरिषदेचा ठराव झाल्यावर परिपत्रक निघते व अभ्यासक्रम प्रसिद्ध होतो. तेव्हा प्रसिद्ध झालेली प्रत मंजूर प्रतीशी ओळीने ताडून पाहावी आणि तफावत आढळल्यास ताबडतोब लेखी कळवावी. प्राश्निक व परीक्षकांच्या नामिका सुचविणे आणि अध्यापकांचे उद्बोधन वर्ग घेणे ही कामेही अभ्यासमंडळाच्या कक्षेत येतात. मोडीसारख्या विषयात ती झाली नाहीत तर उत्तम मसुदाही अननुभवी हातांत निष्प्रभ होतो. पहिल्या तुकडीच्या परीक्षेनंतर फलितांचा तक्ता पुन्हा काढून, कोणते फलित खरोखर साध्य झाले याची नोंद विभागाच्या दप्तरी ठेवावी. पुढल्या सुधारणेचा पहिला पुरावा तोच असतो.

पुष्कळ तरुण अध्यापकांना अभ्यासमंडळ म्हणजे वरच्या कोणा थोरांची जागा वाटते आणि अभ्यासक्रम हा परिपत्रकाने येणारा हुकूम वाटतो. हा समज त्यांनी सोडावा. कायद्याने अभ्यासमंडळात अध्यापकांनाच स्थान दिले आहे, आणि आपल्या विषयाचा मसुदा सुचविण्यास कोणाही शिक्षकास आडकाठी नाही. वर्गात शिकवताना विद्यार्थी कोठे थांबतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणास नाही. तो अधिकार पुराव्याने, हिशेबाने व नेमक्या शब्दांनी वापरला जावा, एवढीच विद्यापीठाची अपेक्षा असते. आपल्या विभागात वर्षानुवर्षे ‘हे बदलले पाहिजे’ असे ज्याविषयी बोलले जाते ती एक अभ्यासपत्रिका निवडून, तिच्या फलितांचा तक्ता या सुट्टीतच लिहावयास घ्यावा.